निवालेल्या अग्नीवरील सुटी

गणेशगुडीच्या खाली काळी नदी दिवसाच्या कोणत्या प्रहरी फेसाळून उठेल, हे आता आकाशातील मेघ ठरवीत नाहीत. सुपा धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातील यंत्रे केव्हा फिरतात आणि त्यांतून मोकळे झालेले पाणी खालच्या खडकांवर केव्हा येऊन आदळते, यावर ते अवलंबून असते. पुण्या-बेळगावाकडून, हुबळीकडून, बंगळूरकडून आलेली तरुण मंडळी हेल्मेटे चढवून रबरी होड्यांत बसतात, तास-दीड तास चिंब भिजून किंचाळून घेतात, आणि रानातील एक अवखळ नदी पाहिल्याचे समाधान घेऊन परततात. त्या अवखळपणाचे वेळापत्रक विजेच्या मागणीप्रमाणे आखलेले असते, ही गोष्ट त्यांना कोणी सांगत नाही, आणि सांगितली तरी त्यांच्या आनंदात बाध येण्याचे काही कारण नाही. जोयडा तालुक्यातील माणसाला याविषयी तक्रार करण्याचा फारसा अधिकारही उरलेला नाही, कारण आमच्याकडील पुष्कळ घरांची चूल आज या पाहुण्यांच्याच पैशावर पेटते. मात्र ज्या मुलखात लोक सुटी घालवण्यास येतात त्या मुलखाचा रहिवासी जेव्हा स्वतःच सुटीसाठी अन्यत्र जाण्याचा बेत करतो, आणि सहलीच्या कंपनीने छापलेले रंगीत माहितीपत्रक हाती घेतो, तेव्हा ते पत्रक तो इतरांसारखे निःशंक मनाने वाचू शकत नाही. छायाचित्रात काय दाखविले आहे यापेक्षा चौकटीबाहेर काय ठेवले असेल, इकडे त्याचे लक्ष प्रथम जाते.

मराठी मध्यमवर्गाच्या परदेशी सहलींत अलीकडे ज्वालामुखीच्या बेटांना मोठा मान आहे. बाली आहे, हवाई आहे, ग्रीसचे सँटोरिनी आहे. परंतु मराठी माणसाशी ज्याचे नाते सर्वांत जुने आणि सर्वांत गुंतागुंतीचे आहे, असे बेट मॉरिशस होय. माहितीपत्रकात मॉरिशस म्हणजे निळे खाजण, पांढरी वाळू, शामारेल येथील सप्तरंगी माती, आणि क्युरपीप गावाजवळचे ट्रू ओ सेर्फ हे हिरव्या झाडीने भरून गेलेले, सुमारे तीनशे मीटर रुंदीचे ज्वालामुखीचे विवर. या विवराच्या काठावर उभे राहून छायाचित्र काढून घेणाऱ्या कोकणस्थ वा देशस्थ प्रवाशाला सहसा ठाऊक नसते की ज्या अग्नीने हे बेट समुद्रातून वर उचलले, त्याच अग्नीने त्याचा स्वतःचा सह्याद्री घडविला आहे. भूशास्त्रज्ञांच्या बहुमान्य सिद्धांतानुसार भूपृष्ठाच्या खोल गर्भातून वर येणारा एक तप्त स्रोत आज फ्रेंचांच्या ताब्यातील रीयुनियन बेटाखाली आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारतभूमी त्या स्रोतावरून जात असता दख्खनच्या पठाराचे लाव्ह्याचे थरावर थर बाहेर पडले, आणि पुढे भूमी उत्तरेकडे सरकत गेली तसतसे निखारा एका जागी ठेवून त्यावरून कापड हळूहळू ओढीत न्यावे व त्याला एकामागून एक भोके पडत जावीत, त्याप्रमाणे लक्षद्वीप, मालदीव, छागोस अशी सागरतळाची रांग उमटत गेली. मॉरिशस हे या रांगेच्या दक्षिण टोकाकडचे, अवघे ऐंशी-नव्वद लाख वर्षांचे. आणि शेजारचे रीयुनियन सर्वांत तरुण, अद्यापि धगधगते. आमचा जोयडा या वंशावळीत बसत नाही. दख्खनच्या लाव्ह्याची दक्षिण सीमा बेळगावच्या आसपास संपते, आणि आमच्या पायाखालचा धारवाडी खडक अडीचशे कोटी वर्षांहून अधिक जुना, म्हणजे त्या अग्नीपुढे आजोबा-पणजोबांच्याही पलीकडचा आहे. तेव्हा या नात्यात मी त्रयस्थ आहे, आणि त्रयस्थाला जे दिसते तेच येथे लिहीत आहे.

पहिली गोष्ट दिसते ती अशी की सुटीचा प्रवासी ज्वालामुखीच्या आयुष्यातील एक विशिष्ट वयच पसंत करतो. दख्खन त्याला फार जुना वाटतो. महाबळेश्वरच्या पॉइंटावर उभे असताना आपण एकावर एक रचलेल्या लाव्ह्याच्या थरांकडे पाहत आहोत, याची जाणीवही बहुतेकांना होत नाही. रीयुनियनचा पितों द ला फुर्नेझ वारंवार उसळतो, म्हणून तो साहसी लोकांकरिता राखून ठेवला जातो. मॉरिशस मात्र बेताचे आहे: अग्नी विझून बरीच सहस्रके लोटली आहेत, प्रवाळांनी भोवती कडे बांधून लाटांचा जोर मोडला आहे, लाव्ह्याची माती होऊन तीवर ऊस डोलतो आहे, आणि तरीही विवराचा आकार असा सुबक राहिला आहे की पूर्वी येथे काही भयंकर घडले असले पाहिजे, एवढी सुखद शिरशिरी प्रवाशाला मिळावी. भयाचा विषय पुरेसा निवालेला असावा, परंतु ओळखू येण्याइतका शिल्लक असावा, ही या पर्यटनाची अलिखित अट आहे.

ही अट न पाळल्यास काय होते, त्याचे उदाहरण न्यूझीलंडच्या व्हकारी बेटाने दिले. ते खासगी मालकीचे बेट. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याच्या धोक्याची पातळी वाढविल्याचे जाहीर झाले होते, तरीही सहली चालूच राहिल्या, आणि ९ डिसेंबर रोजी स्फोट झाला तेव्हा बेटावर असलेल्या ४७ जणांपैकी २२ जण दगावले. आपल्याकडे अंदमानातील बॅरन बेट १९९१ मध्ये दीर्घ निद्रेतून जागे झाले आणि तेव्हापासून अधूनमधून धुमसत आहे. तेथे पाऊल ठेवण्यास सर्वसामान्यांना मुभा नाही, दुरून नौकेतून पाहावे लागते, आणि हे योग्यच आहे.

परंतु मला येथे जो प्रश्न मांडावयाचा आहे तो देहाच्या सुरक्षिततेचा नाही. लाव्हा जसा निवतो तसे मनुष्याचे दुःखही निवते, आणि ज्वालामुखीच्या बाबतीत आपण जो हिशेब करतो तोच हिशेब आपण नकळत दुसऱ्यांच्या इतिहासाच्या बाबतीतही करीत असतो. मॉरिशसच्या नैर्ऋत्य टोकाला ल मोर्न नावाचा ५५६ मीटर उंचीचा कातळाचा डोंगर आहे. फ्रेंच व इंग्रज अमदानीत मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कड्याकपाऱ्यांत आश्रय घेत असत. आज त्याच्या पायथ्याच्या वाळूवर सुखासीन हॉटेले आहेत, आणि नवविवाहित दांपत्यांच्या छायाचित्रांत तो पार्श्वभूमी म्हणून उभा असतो. २००८ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ती या पळालेल्यांच्या स्मरणार्थ. १८३५ मध्ये त्या बेटावरील गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा ब्रिटिश खजिन्यातून सुमारे वीस लाख पौंडांची नुकसानभरपाई देण्यात आली. ती मालकांना मिळाली, गुलामांना नव्हे. आणि त्या भरपाईचा मोठा भाग ज्या ऊसमळ्यांच्या विस्तारात गेला, त्या मळ्यांना मजूर पुरविण्याकरिता हिंदुस्थानचे दार उघडण्यात आले.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ हिंदी मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले, ही त्या अध्यायाची सुरुवात. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत असे सुमारे साडेचार लाख जीव तेथे पोहोचले. बहुसंख्य बिहार व संयुक्त प्रांतातून कलकत्त्यामार्गे, काही मद्रासहून, आणि काही मुंबई बंदरातून गेले; या शेवटच्या लोकांत रत्नागिरी व तिच्या भोवतालच्या मुलखातील मराठी कुटुंबे होती. करार पाच वर्षांचा, दरमहा पगार पाच रुपये, वर शिधा. आणि एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापण्याची रीत. ज्या धक्क्यावर त्यांना उतरविण्यात येई तेथील डेपोत प्रत्येकाच्या नावापुढे क्रमांक पडे, उंची, वय, गाव, जात यांची नोंद होई, आणि पुढे तर छायाचित्रही घेतले जाऊ लागले. कारकुनाच्या लेखणीतून त्यांची नावे अशी काही उतरली की आज त्यांचे वंशज ती उच्चारतात तेव्हा मूळ गावकऱ्याला ओळखू येऊ नयेत. तथापि दप्तर टिकले, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ते जपून ठेवण्यात आले आहे. कोणी मॉरिशसवासी आपल्या पणजोबाचे गाव शोधू इच्छितो तेव्हा त्याला ज्या कागदाचा आधार मिळतो, तो त्या पणजोबाला बांधून घालणाऱ्या सत्तेनेच केलेला असतो. इंग्रजी अमलाच्या दप्तरशाहीविषयी मला प्रेम नाही, परंतु तिने माणसांची मोजदाद केली आणि मोजदाद केली म्हणून ती पूर्णपणे पुसली गेली नाहीत, हे मान्य करावे लागते.

या मजुरांपुढे जी जमीन आली ती लाव्ह्याची. उसाचा फड तयार करावयाचा तर आधी काळे धोंडे उपसावे लागत. ते हातांनी उचलून शेताच्या मध्यभागी ढिगारे रचीत, बांध घालीत. बेटाच्या आग्नेयेस प्लेन मान्येंजवळ अशा धोंड्यांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या सात राशी आहेत, आणि हौशी लोक त्यांना प्राचीन पिरॅमिड म्हणून दाखवितात! सह्याद्रीच्या पायथ्याला गडगे रचणाऱ्या माणसाला समुद्रापलीकडे पुन्हा त्याच जातीचा काळा दगड उपसण्याची पाळी आली, यात नियतीचा विनोद शोधावयाचा तर शोधता येईल. मला त्यात केवळ श्रम दिसतात. माहितीपत्रकातील हिरवेगार फड, ज्यांतून प्रवाशांची वातानुकूलित गाडी सुळकन निघून जाते, ते निसर्गाने दिलेले नाहीत. एवढेच काय, त्या गाडीखालच्या जुन्या रस्त्यांपैकी काहींवर बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून पाठविलेल्या कैद्यांनी राबून खडी टाकली आहे. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन त्या बेटावर उतरला तेव्हा ते हिंदी कैदी त्याने स्वतः पाहिले व आपल्या प्रवासवृत्तात नोंदविले.

येथे आपल्या मराठी प्रवाशाची एक लकब सांगितली पाहिजे. मॉरिशसमध्ये मराठी बोलणारे, गणेशचतुर्थी साजरी करणारे लोक आहेत, त्या दिवशी देशाला सार्वजनिक सुटी असते, आणि कोकणातील जाखडी तेथे झाकरी या नावाने नाचली जाते, गम्मत अजून रंगते, हे कळताच त्याचे डोळे भरून येतात. ‘आपली माणसे’ सापडल्याच्या आनंदात तो त्यांच्याकडून अस्खलित मराठीची, आणि जमल्यास एखाद्या आरतीची, अपेक्षा करू लागतो. हे प्रेम खोटे नसते, परंतु त्यात एक प्रकारची उधळपट्टी असते. शंभर-दीडशे वर्षे ज्यांची आपण विचारपूस केली नाही, त्यांनी आपल्याकरिता आपले बालपण जतन करून ठेवावे, ही मागणी सप्तरंगी मातीच्या मागणीहून फारशी निराळी नाही. तेथील मराठी मनुष्य क्रेओल बोलतो, फ्रेंच वर्तमानपत्र वाचतो, इंग्रजीत कज्जे लढवितो, आणि १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झालेल्या एका राष्ट्राचा नागरिक आहे. आपण हरवलेला वारस सापडल्यासारखे त्याला कवटाळू लागलो की तो सभ्यपणे हसतो, आणि त्या हसण्याचा अर्थ आमच्या जोयड्याच्या कुणब्याला चांगला समजतो. त्याच्या घरी राहावयास आलेले पाहुणेही त्याला ‘अस्सल’ म्हणतात, आणि त्याच्या मुलाने प्लॅस्टिकची खुर्ची पुढे केली की किंचित हिरमुसतात.

यावर कोणी म्हणेल की सुटी ही सुटी आहे, शोकसभा नव्हे. वर्षभर कचेरीत राबलेल्या माणसाने आठ दिवस समुद्रात पाय सोडून बसावे म्हटले तर त्याच्या हाती गुलामगिरीचा इतिहास देण्याचा हा अट्टाहास कशासाठी? शिवाय मॉरिशसवासीयांनाच पर्यटन हवे आहे. त्यांनी साखरेवरचे परावलंबित्व कमी करण्यासाठी ते हेतुपुरस्सर वाढविले, २०१९ साली तर त्यांच्या लोकसंख्येहून अधिक, म्हणजे तेरा लाखांवर प्रवासी तेथे गेले, आणि पुढच्या वर्षी महामारीने बंदरे व विमानतळ ओस पाडले तेव्हा हॉटेलांत काम करणाऱ्या कुटुंबांनीच त्याची झळ सोसली. हा आक्षेप मी हलका मानीत नाही. ज्या गावात पाहुणा आला नाही तर आठवड्याचा बाजार अडतो, त्या गावातील लेखकाने परक्या पाहुण्याला उपदेश करावा यात ढोंग आहे. आणि इतिहास कळल्याने समुद्र कमी निळा होत नाही, हेही खरे आहे.

म्हणून माझे म्हणणे सुटीविरुद्ध नाही. दुःख किती वर्षे निवू द्यावे आणि मग त्याचे दृश्य करावे, असा जो हिशेब आपण मनात मांडतो, तो हिशेबच मला चुकीचा वाटतो. निवण्याने जागा पाहण्यास योग्य होत नाही. १९७७ च्या एप्रिलमध्ये रीयुनियनचा लाव्हा सँत-रोझ परगण्यातील पितों-सँत-रोझ या गावात शिरला, घरे जाळीत गेला, आणि चर्चच्या दाराशी येऊन दोहों बाजूंनी दुभंगून पुढे वाहिला. त्या चर्चला आज लोक लाव्ह्याची माता म्हणून ओळखतात. लोंढा थिजला त्या खुणा पाहण्यास दूरदूरचे प्रवासी येतात, आणि गावकरी त्यांना तो प्रसंग आपल्या तोंडाने सांगतात. त्या स्फोटानंतर तेथे वेधशाळा उभी राहिली. अग्नी हलू लागला की प्रशासन डोंगराभोवतालचा परिसर रिकामा करविते. लाव्ह्याने रस्ता गिळला की तो नव्याने बांधतात. हा अग्नी मुळीच निवालेला नाही, आणि तरीही तेथील प्रवाशाच्या पाहण्यात मला चोरी दिसत नाही, कारण ज्यांच्यावर तो कोसळला ते तेथेच राहतात, आणि काय दाखवावे, किती जवळून दाखवावे, यात त्यांचा शब्द चालतो. उलट मॉरिशसच्या किनाऱ्यावर फ्रेंच अमलापासून सुमारे ८१ मीटर रुंदीचा पट्टा सरकारी मालकीचा म्हणून राखलेला आहे. त्याचे भाडेपट्टे हॉटेलांना व धनिकांच्या बंगल्यांना दिले जातात, आणि पूर्वी जेथे कोळी जाळे सुकवीत तेथे आपण कोणत्या वाटेने समुद्राकडे जावे, याविषयी स्थानिकांना वारंवार भांडावे लागते. इतिहास तेथे शतकभर थंड झाला आहे, आणि तरी कोणाच्या शब्दाने दार उघडते हा प्रश्न सुटलेला नाही.

पोर्ट लुईच्या त्याच धक्क्याचे उदाहरण घेतले तर भेद अधिक स्पष्ट होईल. ज्या डेपोच्या पायऱ्या चढून मजूर बेटावर आले, त्या जागेचे नाव पुढे ‘आप्रवासी घाट’ ठेवण्यात आले. वंशजांनी तिच्यासाठी झगडून ती राखली, २००६ मध्ये ती जागतिक वारसा झाली, आणि २ नोव्हेंबर हा तेथे राष्ट्रीय सुटीचा दिवस आहे. ही सुटी आणि माहितीपत्रकातील सुटी या दोहोंत मला विरोध दिसत नाही. एकाच माणसाने एका सकाळी घाट पाहावा, नोंदवहीतील क्रमांक वाचावा, आणि दुपारी खाजणात डुंबावे. मॉरिशसला स्वर्गाचा कित्ता ठरविणारे जे वाक्य मार्क ट्वेनच्या नावावर सर्रास छापले जाते, ते त्याने वस्तुतः बेटावरील एका रहिवाशाचे म्हणून, आणि तेही काहीशा मिश्कीलपणे, नोंदवले होते. बोलणारा निघून गेला आणि वाखाणणारा उरला, ही तक्रार माहितीपत्रकाविरुद्ध मला आहे.

आता आमच्या दाराशी येऊ. सुपे हे तालुक्याचे जुने ठिकाण होते. धरणाची १०१ मीटर उंचीची भिंत १९८७ च्या सुमारास पुरी झाली, आणि ते गाव भोवतालच्या खेड्यांसह पाण्याखाली गेले. कचेरी जोयड्याला हलली, विस्थापितांतील पुष्कळांची वसाहत रामनगरला झाली. हे दुःख अजून निवालेले नाही. सुप्याच्या शाळेत शिकलेली, तेथल्या बाजारात उधारी केलेली माणसे हयात आहेत. असे असता त्या जलाशयाचे ‘अस्पर्शित निसर्ग’ म्हणून वर्णन करण्यास जाहिरातदारांनी दोन दशकेही वाट पाहिली नाही. शेजारी गुंदजवळचा सिंथेरीचा कडा, उळवीचे चन्नबसवण्णांचे समाधिस्थान, अणशीचे रान, या सर्वांची एकच ओळ बनते, आणि त्या ओळीत बुडालेले गाव केवळ पाण्याच्या निळेपणापुरते उरते. रानाचीही गोष्ट तीच. दांडेली-अणशीचे व्याघ्रप्रकल्पात रूपांतर झाले, २०१५ मध्ये त्याला काळी नदीचे नाव मिळाले, आणि आतील कुटुंबांनी स्वखुशीने बाहेर यावे म्हणून सरकारने आधी १० आणि नंतर १५ लाख रुपयांची योजना ठरविली. कोणी ती आनंदाने घेतली, कोणी निरुपायाने. परंतु ज्यांच्या पूर्वजांची कुमरी शेती इंग्रजी वनखात्याने आवळत आणली, त्यांना आपण रानाला अडथळा होतो असे दुसऱ्यांदा ऐकावे लागले, आणि त्यांनी मोकळ्या केलेल्या वाटेने जीपगाडी वाघ दाखविण्यास जाते.

तरी एक गोष्ट येथे वेगळी घडते आहे. जोयड्यात कुणबी मंडळी कंदमुळांचा मेळा भरवितात; कोन, कणगी, अळू यांचे नाना प्रकार मांडून ठेवतात, आणि शहरातून आलेल्या बाईने विचारले की हा कंद कसा उकडावा, तर उत्तर देणारी कुणबीण शिक्षिकेच्या जागी असते. तेथे भाव ठरविणारा, नाव सांगणारा आणि काय विकायचे नाही हे ठरविणारा एकच असतो. मला हा मेळा रानातल्या कोणत्याही आलिशान मुक्कामापेक्षा अधिक विचारपूर्वक केलेले पर्यटन वाटतो, जरी त्याचे छायाचित्र तितके मोहक निघत नसले.

सुप्याच्या बाबतीत असे काही करावयाचे तर साहित्य उपलब्ध आहे. १९५६ पर्यंत हा तालुका आधी मुंबई इलाख्यात व मग मुंबई राज्यात होता. त्या काळची मोजणी, खातेदारांची नावे, फेरफाराच्या नोंदी आणि पुढे भूसंपादनाच्या वेळी झालेले निवाडे ही सर्व माणसांच्या नावानिशी केलेली दप्तरे आहेत, आणि मॉरिशसच्या डेपोतील नोंदवहीहून ती कमी बोलकी नसतील. धरणाच्या काठावर, जेथे होड्यांची तिकिटे फाडतात तेथेच, बुडालेल्या गावांची व त्यांतील कुटुंबांची नावे लावता येतील. पण ती कोणत्या क्रमाने असावीत, मराठीत, कोकणीत की कानडीत असावीत, जमीनदाराच्या बरोबरीने त्याच्या कुळाचे नाव यावे की नाही, देवळातील मूर्ती कोठे नेल्या हे लिहावे की लिहू नये, आणि मुळात असा फलक पाहुण्यांनी वाचावा अशी त्यांची इच्छा आहे काय, हे पर्यटन खात्याने किंवा माझ्यासारख्या लेखकाने ठरवू नये. रामनगरच्या घराघरांत जाऊन ते विचारावे लागेल, आणि तेथील उत्तरे एकमेकांशी जुळणार नाहीत, अशी माझी खात्री आहे.